भिवटोल्याचा शिपाई खाली का बघतो

अड्याळहून पवनीला जाताना भिवटोल्याचा फाटा लागतो. गावाचं नाव मी बदललं आहे, कारण तिथली माणसं मला अजून बोलावून चहा पाजतात आणि तो चहा मला बंद पाडायचा नाही. फाट्यावर एक चौथरा आहे आणि चौथऱ्यावर सिमेंटचा शिपाई उभा आहे. छाती पुढं, बंदूक खांद्याला, बूट जुळलेले, सगळं कसं शिस्तीत. फक्त नजर खाली. खिशातली किल्ली पडली आणि कवायत सुरू असल्यामुळे वाकता येत नाही, अशी.

तो पुतळा मी केला. चाळीसेक वर्षं मूर्तीचा धंदा केला, गणपती किती केले आणि कान्होबा किती केले त्याचा हिशेब नाही. पण ओळख विचारली की लोक म्हणतात, "तो भिवटोल्याचा वाकड्या नजरेचा शिपाई केला, तेच का जी तुम्ही?" मागं एका इंजिनिअर साहेबांनी गाडी थांबवून मला कोन समजावून सांगितला. त्यांच्या मते बुबुळ वर घ्यायला हवं होतं. मी मान हलवली. दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा असा निरोप आला तेव्हा ठरवलं, की एकदा हे सांगून टाकावं.

आधी धंदा थोडक्यात सांगतो. आमचं घर कुंभाराचं. बाप मातीच्या मूर्ती करायचा, मी पुढं सिमेंटच्याही करू लागलो. पुतळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं तांबं-पितळ येतं. ते शहरात. आमच्याकडे आधी मातीचा नमुना होतो, त्यावर प्लास्टरचा साचा, साच्यात लोखंडी सळ्या आणि सिमेंट, आणि वर ऑइलपेंट. साडी निळी असेल तर निळी, टोपी पांढरी असेल तर पांढरी. सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. बापाचा एक नियम होता आणि तो मी मोडत नसे. डोळे दुकानात आखायचे नाहीत. ज्यानं मूर्ती न्यायची तो समोर उभा राहिला की मगच ब्रश हातात घ्यायचा. बाप म्हणायचा, "डोये उघडले का पयलं आपलं मानूस दिसलं पायजे. दुकानातली मडकी नाही."

भंडारा जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला, त्याच उन्हाळ्यात वर सीमेवर लढाई लागली. भिवटोल्याचा देवानंद त्या लढाईत गेला. बौद्ध घरातला मुलगा, वडील लहानपणीच वारलेले, आई पारबताबाईनं रोवणीला, कापणीला जाऊन त्याला वाढवलेलं. तो गेला तेव्हा गावात अख्खा तालुका लोटला होता म्हणतात. मी नव्हतो. मी पारबतामायला भेटलो ते पुढच्या वर्षी, पुतळ्याचं काम माझ्याकडे आल्यावर. मी फोटो मागायला गेलो होतो. तिनं फोटो दिला, पाणी दिलं आणि सांगितलं, "बापू, तो पेटीत आला. पेटी उघडून पाहू द्या म्हनलो, तं साहेब म्हनले, नाही माय, नोका उघडू. वरून झेंडा, खाली पेटी. मी झेंडाच पाह्यला. तोंड नाही पाह्यलं पोराचं. तू चांगला कर. मले त्याचं तोंड पाहाचं आहे."

एवढीच तिची मागणी होती. पुढची चार वर्षं जे काही झालं, ते या एका मागणीच्या आड आलं.

फोटो एकच होता, भरतीच्या फॉर्मसाठी काढलेला, पासपोर्ट साइजचा. त्यात देवानंद घाबरलेला होता. अठरा वर्षांचं पोरगं, पहिल्यांदा फोटोवाल्याच्या दिव्यासमोर बसलेलं, दुसरं काय करणार? पण पुतळा समितीला घाबरलेला शहीद चालेना. समितीचे अध्यक्ष दयारामजी, गावातले मोठे धानवाले. माणूस मनानं चांगला, पण शिस्तीचा भारी. ते म्हणाले, "काशीनाथभाऊ, रागीट पायजे. दुश्मनानं फाट्यावरूनच परत गेलं पायजे." मी विचारलं, दुश्मन भिवटोल्याच्या फाट्यावर काय करायला येईल? ते म्हणाले, "ते तुम्ही नोका सांगू. आन मिशी पायजे. मिशीबिगर शहीद कसा दिसन?"

पारबतामायचं म्हणणं उलट. "माह्या पोराले मिशा होत्याच कुठी? लव होती नुसती."

धंद्यात तह करावे लागतात. मी मातीची एक झुबकेदार मिशी वेगळी करून ठेवली. समिती नमुना बघायला आली की ती चिकटवायची. माय आली की काढून खिशात ठेवायची. एकदा दोघंही एकाच एसटीनं आले. तेव्हा माझा हात नमुन्याच्या ओठावरच राहिला. पाऊण तास मी तिथलं काम फार नाजूक आहे असं सांगत उभा होतो. शेवटी साच्यात गेला तो बिनमिशीचा देवानंद. अनावरणाच्या दिवशी जे होईल ते होईल, मी म्हटलं.

परवानगीची तऱ्हा निराळीच. जिल्हा फुटून वर्ष झालं तरी कचेऱ्यांतल्या फायलींचे गठ्ठे बांधून इकडचे तिकडे चालले होते. त्यात आमची फाईल गोंदियाला गेली. तिथल्या कारकुनाला भिवटोला हे गाव आपल्या जिल्ह्यात सापडेना, म्हणून त्यानं लेखी विचारलं, की सदर गाव कधीपासून अस्तित्वात आहे? ते उत्तर देण्यात सहा महिने गेले. मग ठाण्यातून विचारणा आली, की पुतळ्याच्या हातात बंदूक आहे, तर परवाना कोणाच्या नावे आहे? दयारामजींनी नमुन्यातली बंदूक पोत्यात घालून ठाण्यात नेली आणि टेबलावर ठेवली. ती वाटेत एसटीत मोडली होती. दोन तुकडे बघून साहेबांनी ना-हरकत दिली.

पुतळा तोंडाला फडकं बांधूनच चौथऱ्यावर चढला. सगळं रंगवून झालं होतं, फक्त डोळे पांढरे ठेवले होते. अनावरणाच्या दिवशी सकाळी, पारबतामाय समोर असताना आखायचे असं ठरलं होतं. वरून कापड बांधलं. मंत्र्यांची तारीख घेतली. कोनशिलेवर त्यांचं नाव कोरलं.

त्या मंत्र्यांचं खातं गेलं. कोनशिला घासून दुसऱ्यांचं नाव घातलं. ते येणार त्याच्या आधी ग्रामपंचायतीची आचारसंहिता लागली. ती संपली तर जिल्हा परिषदेची लागली. तिसऱ्यांना हेलिकॉप्टरनं यायचं होतं, पण उतरायच्या जागी एका शेतकऱ्याचे धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकलेले. तो म्हणाला, "मंत्र्याले म्हना, एक महिना वरच थांब." शेवटी कोनशिलेवर फक्त 'यांच्या शुभहस्ते' एवढंच राहिलं आणि वर गुळगुळीत जागा. एका निवडणुकीत पथकाची गाडी आली. त्यांच्या यादीत लिहिलं होतं, की चौथरा झाकणे. पुतळा झाकलेलाच होता. पण यादी म्हणजे यादी. त्यांनी कापडावरून दुसरं कापड बांधलं, गाठीवर कागद चिकटवून शिक्का मारला आणि झाकल्याची पावती ग्रामपंचायतीला दिली.

ऊन-पावसात कापड सडायचं. ते बदलायला मला पवनीहून बोलावत. नवं कापड कोणत्या रंगाचं, यावर बैठका व्हायच्या. निळं म्हटलं की एका बाजूची माणसं उठून जायची, भगवं म्हटलं की दुसऱ्या बाजूची, हिरवं कोणी म्हणायचंच नाही. एक वर्षभर देवानंद मोठमोठ्या गुलाबाच्या फुलांच्या चादरीत उभा होता, कारण गुलाब कोणत्याच पक्षाचा नव्हता. पंधरा ऑगस्टला शाळेची रांग यायची, मुख्याध्यापक चादरीला हार घालायचे आणि पोरं चादरीला सलाम ठोकायची.

त्या चादरीनं आणखी एक घोळ केला. बाहेरगावची माणसं एसटीतून जाताना बघायची. त्यांना वाटलं, कोणी सोवळ्यातला देव आहे, दर्शन झाकून ठेवलंय. कोणा एकाचा हरवलेला बैल नवस बोलल्यावर दुसऱ्या दिवशी घरी आला. बैल संध्याकाळी घरीच येतो, त्याला एक दिवस उशीर झाला होता एवढंच. पण झालं, झाकलेबाबा प्रसिद्ध झाले. चादरीला गाठी बांधल्या जाऊ लागल्या, पायाशी नारळ फुटू लागले. पारबतामाय संतापली. ती फाट्यावर बसून राहायची आणि येणाऱ्याला सुनावायची, "माहा पोरगा देव नोहे जी. सिपाई होय. त्याले काही मांगू नोका, त्यानं द्याचं ते देलं." एका बाईनं विचारलं, मग झाकून कशाला ठेवलाय?  

एक दिवस ती पवनीला माझ्या कारखान्यात येऊन उभी राहिली. उन्हाचे दिवस होते. पायातली चप्पल हातात होती, ती तिला मारायला हवी होती की पट्टा तुटला होता ते मला अजून ठाऊक नाही.

"मी कपडा उचलून पाह्यला," ती म्हणाली. "काहून बापू, आंधया करून ठेवला माह्या पोराले?"

मी बापाचा नियम सांगितला. आपलं माणूस समोर हवं, अनावरणाच्या दिवशी तू समोर असशील, तेव्हा आखीन.

"आमी बौद्ध आहोन. आमच्यात मूर्तीत जीव-बिव नाही येत."

"देवाचं नाही माय, धंद्याचं आहे. आखलेल्या डोळ्यांवर कापड टाकत नाही आम्ही."

ती खाली बसली. मग शांतपणे म्हणाली, "भंडाऱ्याले दाखवलो डोये. डाक्टर म्हनते, नस सुकून राहिली. एक तं गेलाच. दुसराही मिनमिन करते. मंत्री कवा येईन?"

मी दयारामजींकडे गेलो. ते म्हणाले, शिष्टाचार आहे, मंत्री येण्याआधी पुतळ्याला हात लावता येणार नाही, समितीचा ठराव आहे. त्यांनी ठराव काढून दाखवला. मीही ठराव वाचून घरी आलो. आज सांगायला लाज वाटते, पण मला वाटलं, की चार-दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. एक बाई आंधळी होत होती आणि मी तिला परंपरा शिकवून परत पाठवली. परत जाताना तिनं मलाच विचारलं, "जेवला का?"

गुलाबाची चादरही फाटली. मग दयारामजींनी स्वतःची ताडपत्री दिली, धानाचे पुंजणे, रचलेले ढीग, झाकायची, जाड, काळी. ती टिकली. आतला शिपाई आता आकारानंही दिसेना. लांबून कोणीतरी खताची पोती रचून ठेवलीत असं वाटायचं.

त्या वर्षी कापणीच्या दिवसांत निरोप आला, की तारीख पक्की झाली, पुढच्या आठवड्यात मंत्री येणार, या आणि डागडुजी करून जा. मी रंगाची पेटी आणि शिडी घेऊन दुपारी पोचलो. फाट्यावर पारबतामाय होती, चौथऱ्याच्या पायरीच्या डाव्या बाजूला, नेहमीच्या जागी. बाकी गाव शेतात. दयारामजी मला सूचना देत होते, की कुठं टवका गेला असेल तर तो आतल्या आत बुजवा, ताडपत्री वर करायची नाही, शिष्टाचार आहे.

तेवढ्यात उत्तरेकडून आभाळ आलं. ज्यानं धान पिकवलं नाही त्याला हे कळायचं नाही. कापलेल्या धानाच्या कडपा, म्हणजे न बांधलेल्या जुड्या, शेतातल्या बांधीत पसरलेल्या असतात, आणि त्यावर पाऊस पडला की वर्षाचं अन्न जागच्या जागी कोंब काढतं. दयारामजींनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा ताडपत्रीकडे.

"धान भिजते ना बाप्पा!" असं ओरडून ते चौथऱ्यावर चढले.

दोरीची गाठ सुटेना. त्यांनी दोरीच्या आईचा उद्धार केला, दात लावले आणि दोन हिसक्यांत ताडपत्री खाली ओढली. भिवटोल्याच्या शहीद जवानाच्या पुतळ्याचं अनावरण हे असं झालं. टाळी वाजली नाही. दयारामजी ताडपत्री गुंडाळत खाली उतरले, एकदा वर बघितलं आणि थांबले.

"काशीनाथभाऊ, मिशी कुठी गेली?"

"धान भिजून राहिलं ना जी," मी म्हटलं.

ते पळाले.

फाट्यावर आम्ही तिघं राहिलो. माय उठली होती. वर मान करून बघत होती, तिरकी, चांगला डोळा पुढं करून. "नाक बराबर आहे," ती म्हणाली. नाक मी तिचंच घेतलं होतं, फोटोत नीट दिसत नव्हतं म्हणून. ते मी तिला कधी सांगितलं नाही. मग ती म्हणाली, "आख ना आता."

ठराव होता, शिष्टाचार होता, पाऊस अर्ध्या तासावर होता. पण आपलं माणूस समोर होतं. मी शिडी लावली.

बुबुळ कुठं ठेवायचं हे आखणीतलं खरं काम. गणपतीचं सरळ, भक्ताकडे. शिपायाचं दूर, डोक्यांवरून. समितीनं तसं लिहूनच दिलं होतं, नजर सीमेकडे, उत्तरेला. मी ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि उगाच विचारलं, "माय, कुठं बघू दे त्याला?"

ती शिडी धरून उभी होती. "वरते पाहून पाहूनच तं गेला ना बापू. आता इकडे पाहू दे."

मी खाली बघितलं. पायरीच्या डावीकडे, चार-साडेचार फूट उंचीवर, विटक्या पदराखाली तिचा चेहरा होता. मी तिथून नजरेची रेघ धरली आणि उजवा डोळा आखला. मग डावा.  शिडीवरून उतरलो, तोवर थेंब सुरू झाले.

तिनं पदरानं तोंडावरचं पाणी पुसलं आणि वर बघितलं. मी वाट बघत होतो, आता ती म्हणेल, तसाच दिसतो, किंवा नाही दिसत. ती म्हणाली, "हां. ओयखलं त्यानं."

मला रडू आलं आणि ते पुसायला सवड नव्हती, कारण रंग ओला होता आणि पाऊस वाढला होता. मी छत्री उघडून परत शिडीवर चढलो. तासभर मी भर पावसात सिमेंटच्या शिपायाच्या डोक्यावर छत्री धरून उभा होतो आणि खाली एक म्हातारी माझी शिडी धरून भिजत होती. त्या वेळात एक एसटी गेली. तिच्या खिडक्यांतल्या माणसांनी पुढं गावागावांत काय सांगितलं असेल ते माहीत नाही.

पाऊस थांबल्यावर दयारामजी चिखलानं माखून आले. अर्धं धान वाचलं होतं. खांद्यावर दुसरी, जुनी ताडपत्री होती. चौथऱ्यावर पाय ठेवताच माय आडवी आली.

"दयाराम, एकदा झाकून आनला होता त्याले. आता उघडे डोये झाकू नाही देत मी. झाकाचंच असन तं पयले माह्यावर टाक ते."

दयारामजींनी ठराव आठवून बघितला. ओठांवर आला नाही बहुतेक. ओल्या ताडपत्रीवरच ते बसले आणि म्हणाले, "मंत्र्याले काय सांगू आता?"

त्यावर गावानंच तोड काढली. मंत्री आले त्या दिवशी पुतळ्यासमोर दोन बांबू रोवून लग्नातल्या अंतरपाटासारखा पडदा धरला. मंत्र्यांनी दोरी ओढली, पडदा पडला, टाळ्या झाल्या. मंत्र्यांनी वर बघितलं. शिपाई त्यांच्याकडे बघतच नव्हता. डावीकडे, पहिल्या रांगेच्याही अलीकडे, जमिनीवर बसलेल्या एका म्हातारीकडे बघत होता.

"हा खाली काय पाहतोय?" त्यांनी विचारलं.

दयारामजी शिस्तीचे होते, पण गाव सोडणारे नव्हते. "पायाखाली सुरुंग आहे का ते पाहून राहिला साहेब," ते म्हणाले. मंत्री पटकन दोन पावलं मागं सरले.

मिशीबद्दल पुन्हा कोणी काही बोललं नाही. कोनशिलेवर नाव कोरलं गेलं, ते आता वाचता येत नाही. दर दोन-चार वर्षांनी मी रंग द्यायला जायचो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी शहाणा सुचवायचा, की आता बुबुळं वर घेऊन टाका. मी ऐकून घ्यायचो आणि जिथल्या तिथं ठेवायचो.

पहिल्यांदा रंग द्यायला गेलो तेव्हा पारबतामायचा दुसरा डोळाही गेला होता. तरी ती काठी टेकत सकाळी फाट्यावर आली, पावलं मोजून पायरीच्या डाव्या अंगाला उभी राहिली आणि पदर सारखा करून तोंड वर केलं. मी शिडीवर होतो. न राहवून विचारलं, "माय, कशाला येतेस रोज इतक्या लांब? तुला तर आता दिसत नाही."

"मले नाही दिसत," ती म्हणाली. "त्याले दिसते ना."